मास्तरांच्या खोक्याचं झाकण

बल्बमावशी हे नाव आपल्याला कुणी ठेवलं ते मावशींना पक्कं ठाऊक आहे, आणि त्या माणसाला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हला बल्ब म्हणणारा माणूस उद्या विमानाला पंखा म्हणेल, असं त्या चारचौघांत बोलून दाखवतात. पण घरच्या रेडिओ सेटवरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशी मंडळींच्या जगात एकदा नाव चिकटलं की चिकटलं. तिथं कुणी कुणाचं तोंड बघत नाही, नुसता आवाज ओळखतात, त्यामुळे नावं ठेवायला सगळ्यांना मोकळं रान.

मावशींनी चौतीस वर्षं रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात देखभालीचं काम केलं. तिथले व्हॉल्व्ह दुधाच्या किटलीएवढे. एकटीच बाई, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी त्यांच्या हातात फडकं आणि वही दिली. पाच वर्षांनी तेच लोक बिघाड झाला की आधी त्यांना शोधायला लागले. निवृत्त झाल्यावर घरच्या मागच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं, खाली रबरी चटई घातली, भिंतीवर हत्यारं टांगली आणि हौशी मंडळींचे अॅम्प्लिफायर बांधायला, दुरुस्त करायला घेतले. घरातल्या छोट्या सेटमधून निघालेला दुबळा आवाज हा खोका दहापट जोरकस करून अँटेनावर चढवतो. त्यासाठी त्याच्या पोटात अडीच हजार व्होल्ट खेळत असतात. भिंतीतला करंट माणसाला झटका देऊन कधीकधी सोडूनही देतो. हा सोडत नाही.

म्हणून मावशींचे नियम कडक. खोका चालू असताना डावा हात एप्रनच्या खिशात, म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जायला नको. अंगठी, बांगडी, घड्याळ सगळं बशीत. आणि झाकण उघडं असेल तर खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. हा शेवटचा नियम त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी होता. धाकटी कपडे शिवायची, पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि मशीन थांबलं की तिचं तोंड सुरू.

झाकणाला एक खटका असतो. झाकण उचललं की त्यानं वीज तोडायची, एवढंच त्याचं काम. पण तपासणी करायची तर झाकण उघडं आणि वीज चालू, असंच लागतं. मग खटक्याच्या दोन टोकांना वायर जोडून त्याला फसवायचं. झाकण बंदच आहे अशी त्याची समजूत होते. ही वायर आत विसरली तर पुढचा माणूस गेलाच. म्हणून धाकटीनं त्या वायरीला हातभर लांब लाल कापडाची शेपटी शिवून दिली होती. शेपटी खोक्याबाहेर लोंबायची, झाकण लावताना आड यायची. वायर विसरणं शक्यच नव्हतं.

आता मास्तर. मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, बसनं दोन तासांवरच्या गावात राहणारे, वय चौऱ्याहत्तर. रविवारी सकाळी वीसेक हौशी मंडळी रेडिओवर एकत्र जमतात, त्या बैठकीत सगळ्यात जास्त बोलणारा माणूस कोण, तर मास्तर. पाठदुखीवरून निघाले की ज्वालामुखीपर्यंत जाऊन येतात. आणि त्यांना स्वच्छतेचं वेड. दर रविवारी बैठक संपली की ते अॅम्प्लिफायरचं झाकण काढून आतली धूळ ब्रशनं झाडतात. आधी समोरचं बटण बंद करायला हवं, ते मात्र विसरतात. मावशींनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि त्यांच्या खोक्याला स्वतःच्या हातानं एक दणकट खटका बसवून दिला. "झाकण उचला, मोठ्यानं तीस आकडे मोजा, तेवढ्यात आतला उरलासुरला करंट जिरतो. मग खुशाल ब्रश घाला," असं शिकवलं. मास्तर तेव्हापासून अगदी निर्धास्त झाले. दर वेळी तीस मोजायचे.

मागच्याच आठवड्यात तो खोका दुरुस्तीला आला होता. वीज साठवणारा एक भाग, कॅपॅसिटर, गेला होता, तो बदलला, तपासलं, गुरुवारी मास्तरांचे जावई येऊन घेऊन गेले.

रविवारी सकाळी मावशी चहा घेत बसल्या होत्या. सेटवर बैठक चालू होती आणि मास्तरांचं गुऱ्हाळ रंगात आलं होतं. धाकटी हातात काहीतरी घेऊन आली.

"ही घे तुझी शेपटी. कापड पार विरलं होतं, नवीन लावलं. बुधवारपासून माझ्या मशीनवर पडलीय, तुला आठवण तरी आहे का?"

मावशींनी ती लाल शेपटी हातात घेतली. चहाचा कप तसाच तोंडाशी राहिला.

"बुधवारपासून?"

"मग? बुधवारी सकाळी तूच तर आणून दिलीस."

मास्तरांचा खोका तपासला होता बुधवारी दुपारी.

मावशींना सगळं आठवलं. शेपटीची वायर जागेवर नव्हती, म्हणून त्यांनी टेबलावरचा करड्या वायरीचा बोटभर तुकडा लावला होता. पाचच मिनिटांचं तर काम, असं म्हणत. मग दाराशी कुणीतरी आलं. मग झाकण लावलं. करड्या खोक्यात करडी वायर. ती आतच राहिली होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"ताई, काय झालं? बोल ना!"

"मी मास्तरांना मारून ठेवलंय," मावशी म्हणाल्या.

धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला नाही. ती सरळ फोनकडे धावली. मास्तरांकडे घंटी वाजत राहिली. रविवारी या वेळी मास्तरीणबाई बाजारात असतात, आणि बैठक चालू असताना मास्तरांच्या कानावर हेडफोन. घर कोसळलं तरी त्यांना कळायचं नाही.

रेडिओवर मात्र त्यांचा आवाज खणखणीत येत होता. मावशींनीच दुरुस्त केलेल्या खोक्यातून येत होता, त्यामुळे अगदी शेजारी बसल्यासारखा. पण बोलणारा माणूस बोलताना ऐकू शकत नाही, ही रेडिओची रीत. बटण दाबलं की कान बंद. मावशी माईक मुठीत धरून बसल्या. एरवी मास्तरांचं बोलणं कधी संपतं याची त्या वाट बघायच्या. आज ते संपू नये असंही वाटत होतं आणि लगेच संपावं असंही. बोलताहेत तोवर माणूस जिवंत आहे.

"...तर मंडळी, असा हा वाऱ्यांचा प्रकार," मास्तर म्हणत होते. "बाकी पुढच्या रविवारी. मावशींनी खोका झकास करून दिलाय, जावयाच्या गाडीतली धूळ तेवढी बसलीय, ती आता झाडून घेतो. सगळ्यांना नमस्कार."

त्यांनी बटण सोडलं, आणि एकाच वेळी चौघांनी नमस्कार केला. आवाजावर आवाज चढले. मावशी त्या गलक्यात बोलल्या, पण त्यांच्या सेटला अॅम्प्लिफायर नव्हता. दुनियेला जोर पुरवणाऱ्या बाईनं स्वतःसाठी एकही बांधला नव्हता. मी कामापुरतं बोलते, मला काय करायचाय, असं त्या म्हणायच्या. टेबलावर एक होता, तो परक्याचा, आणि त्याचे व्हॉल्व्ह काढून ठेवलेले.

या मंडळींत एक अलिखित कायदा आहे. 'ब्रेक' हा शब्द लागोपाठ तीनदा आला तर कुणाच्या तरी जिवावर बेतलंय असं समजायचं आणि सगळ्यांनी तोंड मिटायचं. मावशींनी इतक्या वर्षांत तो कधी वापरला नव्हता.

"ब्रेक, ब्रेक, ब्रेक!" त्या ओरडल्या. "मास्तर, झाकण उघडू नका!"

गलका चालूच होता. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फाटला.

तेवढ्यात एक दणदणीत आवाज सगळ्यांवर चढला. जहाजवाले बोलत होते. आयुष्यभर जहाजावर वायरलेस सांभाळलेला माणूस, बारीक आवाज गोंगाटातून वेचायची कानाला सवय. "सगळे गप्प बसा! मावशी ब्रेक म्हणताहेत. मावशी, मला ऐकू येतंय. काय ते सांगा."

"मास्तरांना सांगा, झाकण उघडू नका. खटका चालत नाही. आत वीज आहे!"

जहाजवाल्यांनी तो शब्दन् शब्द पुढे फेकला. एकदा, दोनदा. मग त्यांनी बटण सोडलं.

सेटमधून नुसती खरखर. वीस माणसं आपापल्या घरी बटणावरून बोटं काढून बसली होती. धाकटीनं मावशींचा खांदा इतका घट्ट धरला की नंतर चार दिवस तिथं काळंनिळं होतं. मावशींच्या मनात आलं, आता ते झाकण उचलत असतील. आता मोजत असतील. सतरा, अठरा. मीच शिकवलं मोजायला. ते तीसपर्यंत प्रामाणिकपणे मोजणार आणि मग हात घालणार.

"हां, मास्तर बोलतोय," आवाज आला. "हेडफोन काढून ठेवला होता, त्यातून कुणीतरी किंचाळतंय असं वाटलं. मावशी, तीन स्क्रू निघालेत, चौथा निघत नाहीये. किती आवळून ठेवता हो!"

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्या की रडल्या ते धाकटीलाही सांगता येत नाही. त्यांनी माईक धरला आणि जहाजवाल्यांमार्फत एकेक हुकूम पोचवला. पेचकस खाली ठेवा. समोरचं बटण बंद करा. भिंतीतला प्लग उपटा. प्लग हातात धरून बसा आणि मी येईपर्यंत सोडू नका. मग त्या थांबल्या. इथं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. खटका बिघडला असेल, असंच सगळ्यांनी धरलं असतं.

"आणि जहाजवाले, हेही सांगा," त्या म्हणाल्या. "खटका चांगला आहे. मीच त्यात वायर विसरले. चूक माझी आहे."

जहाजवाल्यांनी तेही तसंच, एक शब्द न गाळता, वीस जणांना ऐकवलं. मग आपल्याकडून एवढंच जोडलं, "मावशी, तुमची बस चुकेल. निघा."

मास्तरांच्या घरी पोचायला साडेअकरा वाजले. दार मास्तरीणबाईंनी उघडलं.

"अहो मावशी, काय सांगितलंत तुम्ही यांना? मी बाजारातून आले तेव्हापासून त्या खुर्चीत बसलेत. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायले. उठायला तयार नाहीत!"

मास्तर खोक्यासमोर ताठ बसले होते आणि उजव्या मुठीत प्लग होता. वायर मांडीवरून खाली गेली होती.

"तुमच्या हुकमाप्रमाणे," ते म्हणाले.

मावशींनी पेचकस उचलला. चौथा स्क्रू त्यांच्याही हाताला लवकर निघाला नाही. झाकण उचललं, सोबत आणलेल्या, तार जोडलेल्या दांड्यानं आतला उरलेला करंट जमिनीत उतरवला, करडा तुकडा काढून पर्समध्ये टाकला. दोन मिनिटांचं काम. मग त्या मास्तरांपाशी आल्या.

"द्या आता तो प्लग."

"बोटं आखडलीत. उघडत नाहीयेत," मास्तर ओशाळून म्हणाले.

मावशींनी खाली बसून त्यांचं एकेक बोट सोडवलं. तळहातावर प्लगच्या पिनांचे लालबुंद ठसे उठले होते.

"मास्तर, घाबरला होतात ना?"

"तीन तास घाम फुटला होता. पण तुमच्यावर कसा रागावणार? तुम्ही ओरडलात म्हणून तर बसलोय इथं."

मावशींनी तो तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"काय झालं?" मास्तरीणबाई घाबरून पुढे आल्या. "हात गरम लागतोय का? ताप आहे?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "गरम आहे, पण ताप नाही." आणि तो हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.