मामासाठी मांडलेला पाट

माझ्या मामाला मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या आधीच, एकाहत्तरच्या लढाईत, तो गेला. 'गेला' हे माझं म्हणणं. आई म्हणायची, "दादा यायचा राहिलाय." मला कळायला लागलं तेव्हापासून हा वाद चालू होता, आणि वर्षापूर्वी आईबरोबर तो वादही कुवेतला, माझ्या फरवानियातल्या दोन खोल्यांत राहायला आला.

मामा बाँबफेकी विमानात नेव्हिगेटर होता. विमानात दोघंच. एक जण चालवायचा आणि मामा पुढच्या टोकाला पालथा पडून, नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन, आपण कुठे आहोत आणि किती मिनिटांनी वळायचं ते सांगायचा. डोळ्यांच्या तपासणीत वैमानिक होणं हुकलं, गणित मात्र पक्कं, म्हणून हे काम मिळालं. आणि हाच माणूस रजेवर आला की साताऱ्यात रस्ता चुकायचा! एकदा मुलगी बघायला म्हणून निघाला आणि भलत्याच घरी पोहे खाऊन आला. त्या घरच्यांना तो पसंतही पडला होता म्हणे. हे सांगताना आई खुदखुदायची आणि शेवटी हमखास म्हणायची, "तशीच कुठेतरी वाट चुकला असेल." तिथे माझं डोकं फिरायचं.

मोहिमेवर गेलेलं ते विमान परत आलंच नाही. आधी तार आली, बेपत्ता. बऱ्याच महिन्यांनी पत्र आलं, मृत समजण्यात यावं. आजोबांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. देह मिळाला नाही की तसं करतात. आई तेव्हा बावीस वर्षांची होती. ती दिवसभर आतून कडी लावून बसली. "गवत जाळलं त्यांनी," ती मला सांगायची, "दादा कुठे जाळला?"

तेव्हापासून दर भाऊबिजेला ती पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, पाटावर सुपारी ठेवायची आणि तिला ओवाळायची. माणूस हजर नसला की त्याच्या जागी सुपारी चालते. पण मुळात माणूस असावा लागतो. जिला भाऊच नाही, तिने बिजेच्या चंद्राला ओवाळायचं. आईने ओवाळणीचं ताट कधी चंद्राकडे नेलं नव्हतं. नेलं असतं तर आपल्याला भाऊ नाही हे तिने कबूल केल्यासारखं झालं असतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. "सुपारीला किती वर्षं ओवाळणार आहेस?" असं मी एकदा फाडकन विचारलंही होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मी इथल्या एका इस्पितळात एक्स-रे काढते. आमच्या रेकॉर्ड विभागात एक कुवेती बाई आहे, माझी चांगली मैत्रीण. इराकी फौजा शिरल्या त्या वर्षी तिचा भाऊ रोटी आणायला म्हणून घराबाहेर पडला, तो परत आला नाही. यंदा दिवाळीच्या आधी कळलं की वाळवंटात सापडलेली काही हाडं त्याची आहेत. तिच्या रक्ताशी ती जुळली. रुमैथियातल्या तिच्या घरी बायका भेटायला जात होत्या. मीही निघाले, तर आई पांढरी साडी नेसून दारात उभी. मी तिला नको म्हटलं. ती चपला घालून जिना उतरायला लागलीसुद्धा.

तिथे कडू कॉफी पुढे आली. आईने मला कोपराने ढोसलं. "विचार तिला, हाडं किती होती."

"आई, असं विचारतात का?"

पण मैत्रिणीने काय म्हणताहेत ते विचारलंच, आणि मला सांगावं लागलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. तिला मात्र राग आला नाही. तिने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "थोडीच. पण आता तो कुठे आहे ते मला माहीत आहे."

मी ते मराठीत सांगितलं. आईने मान हलवली. टॅक्सीत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "सुटली गं ती."

"आणि तू?"

तिने खिडकीची काच वर केली. ती दुखावली होती की विचार करत होती, मला कळेना. तिच्या हाती काहीच आलेलं नसताना दुसरीच्या भावाच्या हाडांनी काय होणार होतं?

भाऊबिजेला मी ड्यूटीवरून आले तर घरात पाट नाही, रांगोळी नाही. ताट तेवढं तयार होतं. "गच्चीची किल्ली आण," आई म्हणाली आणि ताट घेऊन माझ्यामागे खाली आली. इमारतीच्या राखणदाराने निरांजन पाहून कपाळाला आठ्या घातल्या, पण आईचं वय बघून किल्ली दिली. सूर्य नुकताच बुडाला होता. पाण्याच्या टाक्या, डिश, लोकांचे वाळत घातलेले कपडे, आणि वर धुळीने भरलेलं आभाळ. आई पूर्वेकडे तोंड करून चंद्र शोधत होती. मीच तिला खांदे धरून वळवलं. बीज मावळतीला दिसते, आणि ती दिसत होती, अगदी बारीक. मी जिंकत होते, आणि मला वाटत होतं, वाऱ्याने वात विझावी. तरी मी वातीभोवती हाताचा आडोसा धरला.

आईने चंद्राला तीनदा ओवाळलं. अक्षता वर टाकल्या, त्या आमच्याच डोक्यांवर पडल्या. ताट टाकीच्या कट्ट्यावर ठेवून ती म्हणाली, "दादा गेला गं."

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर तिच्याशी भांडले होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "कशावरून? कुणी पाहिलंय?" आवाज इतका चढला की शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबून बघायला लागली. मी रडत होते. न पाहिलेल्या माणसासाठी असं कसं रडू येतं, मला अजून कळलेलं नाही. आई त्याला जिवंत ठेवत होती, म्हणूनच मला इतकी वर्षं त्याला मेलेला म्हणता येत होतं की काय?

आईने पदराने माझं तोंड पुसलं. "वेडे," ती म्हणाली, "आता तू नको सुरू करूस."