सुमीच्या वाळ्यांचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. बाधा, अंगात येणं असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणूनच हे लिहिताना जरा अडखळतेय.

१९८०च्या आगेमागेची गोष्ट. माझा धाकटा भाऊ आंधळगावला राहायचा, भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. घरामागे सांदवाडी, म्हणजे परस, आणि तिच्या टोकाला बोडी — पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं. त्या वर्षी भावाने हौसेने बोडीत शिंगाडा लावला होता. दिवाळीच्या तोंडावर पानं अशी पसरली की पाणी दिसेना, हिरवं अंगणच वाटायचं. म्हशी शिरू नयेत म्हणून भोवती काट्यांची कुपाटी होती, माणसांना जायला तेवढी एक फट. फटीतून म्हैस जात नाही, एवढं सगळ्यांनी नीट पाहिलं होतं. दोन वर्षांची सुमी, माझी भाची, त्यातून सहज जाईल हे मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

सुमीच्या पायात घुंगरांचे चांदीचे वाळे असायचे. माझी भावजय मंदा घरात काहीही करत असली तरी तिचा कान त्या वाळ्यांवर. वाजले की पोर हिंडतेय, थांबले की निजली.

मी आदल्या संध्याकाळी एसटीने आले होते. भाऊ सकाळीच तुमसरला गेलेला, सुमी आत झोपलेली. दुपारी आम्ही दोघी पुढच्या अंगणात चूल मांडून चकल्या तळत होतो... आणि घरामागून वाळे वाजले.

कढईवरची नजर न काढता मंदा म्हणाली, "सुमी बोडीकडे जाऊन राहिली, ताई. पाहा बरं."

मीही ऐकलं होतं. कुरकुरतच उठले. मागे जाऊन पाहते तर सुमी कुपाटीच्या आत, गुडघाभर पाण्यात, समोरच्या हिरव्या पानांवर ठेवायला पाय उचललेला. कशी धावले आठवत नाही. फ्रॉक धरून तिला ओढली आणि छातीशी घट्ट धरली.

काठावर बसवून चिखल धुवायला घेतला, तर पाय उघडे. वाळे पाण्यात पडले असं वाटून मी चिखलात चाचपू लागले. तेवढ्यात मंदा धावत आली. मी काय शोधतेय ते कळलं, तसा तिने माझा हात धरून थांबवला. वाळे घट्ट व्हायला लागले होते, म्हणून भाऊ सकाळी ते सोनाराकडे घेऊन गेला होता. कामाच्या गडबडीत ती हे विसरूनच गेली होती.

"पोरीच्या पायात तं काहीच नोहोतं, ताई. मंग आपण काय आयकलं?"

शेळ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज म्हणावा, तर शेळ्या चरायला गेलेल्या. मंदाच्या कानाला सवय होती म्हणावं, तर मला कुठे होती? मी तर कालची पाहुणी. आणि दोघींना एकाच वेळी, एकाच बाजूने?

संध्याकाळी भावाने खिशातून वाळ्यांची पुडी काढली. मंदाने ती बाजूला ठेवली आणि आधी फटीला बांबूचा ताटवा, म्हणजे विणलेलं दार, बसवायला सांगितला, कडी पोरीचा हात पुरणार नाही इतकी उंच. तो म्हणाला, उद्या बघू. ती म्हणाली, "आज आवाज आला. उद्या येईल याचा काय भरवसा?" दिवस मावळायच्या आत ताटवा लागला.

गोष्ट गावभर झाली. बायका हळदकुंकू, नारळ घेऊन बोडीवर येऊ लागल्या. मंदाने कोणाला अडवलं नाही, स्वतःही हात जोडायची. पण मी पुढच्या दिवाळीला गेले, तेव्हा एक म्हातारी पूजा करून ताटवा उघडाच टाकून निघाली होती. मंदाने तिला परत बोलावलं.

तो आवाज कशाचा होता, मला अजूनही सांगता येत नाही. शोधायचंही मी सोडून दिलंय. मंदा त्या म्हातारीला जे म्हणाली, ते मात्र पक्कं लक्षात आहे.

"देव बाहेरूनही आयकते, मावशी. कडी लावा."