बाहुलीचं बाळंतपण

माझ्या नणंदेचं पहिलं व्याख्यान साफ पडलं, आणि ते पडताना मी पहिल्याच रांगेत बसले होते.

त्या मुंबईला नर्सचं शिक्षण घेऊन रत्नागिरीला परत आल्या होत्या. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि माझ्या सासऱ्यांनी गावाच्या बोलण्याकडे कानाडोळा करून लेकीला शिकायला धाडलं. वयानं त्या माझ्याहून मोठ्या, नात्यानं मी त्यांची वहिनी. मी त्यांना वन्सं म्हणत असे. त्या सुमारास आमच्याकडे बायकांच्या सभांचं नवं वारं शिरलं होतं. देवळाच्या सभामंडपात महिन्यातून एकदा आम्ही जमत असू आणि कुणीतरी दोन शब्द सांगत असे. त्या महिन्यात वन्संना उभं केलं.

त्यांनी प्रसूती म्हटलं, गर्भाशय म्हटलं, जंतू म्हटलं. प्रसूती म्हणताच बायकांचे पदर तोंडाशी गेले. गर्भाशय म्हणताच दोन म्हाताऱ्यांना चुलीवर दूध राहिल्याची आठवण झाली. अध्यक्षीण होत्या आमच्या आळीतल्या वकिलीणबाई, त्या आढ्याकडे बघत बसल्या. माझ्या सासूबाई तर सभेतही वाती वळत, त्या एकच वात शेवटपर्यंत वळत राहिल्या. घराच्या पायरीवर थांबून त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, "चारचौघींत असलं बोलतात का गो?"

दुसऱ्या कुणाच्या घरी हा हसण्यावारी नेण्याचा विषय झाला असता. आमच्या घरी तो नव्हता. मला सातवा महिना होता. याआधी माझी दोन मुलं गेली होती, दोन्ही सारखीच. चांगली गुटगुटीत, अंगावर भरपूर पिणारी, आणि आठव्या दिवशी सकाळी बघावं तर तोंडच उघडेना. मग आचके, मग अंगाची कमान, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलेलं. सटवीनं लिहिलंच तेवढं होतं, असं सासूबाई म्हणाल्या. मीही तेच धरून बसले होते, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

वन्संनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की हे सटवीचं नाही, कोयतीचं आहे. आमच्याकडे नाळ कापायची कोयती ठरलेली होती. एरवी तिनं नारळ सोलत, केळफुलं तोडत, आणि वेळ आली की पदराला पुसून तीच बाळंतिणीच्या खोलीत नेत. माझ्या यजमानांची आणि वन्संचीही नाळ तिनंच कापलेली, म्हणून ती लाभाची. सासूबाई तिला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. घरात शब्द त्यांचा, आणि सुईणही त्यांचंच ऐके. यजमान कचेरीत साहेबासमोर बोलत असतील, आईसमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. सासूबाईंचं मन वळलं नाही तर तिसरंही त्याच वाटेनं जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

माझा स्वभाव तापट. मी म्हटलं, आत्ता जाते आणि स्पष्ट विचारते त्यांना. वन्संनी माझा हात धरून ठेवला.

"सांगून झालं, वहिनी. आता दाखवायला हवं."

वैशाखात आमच्या आळीत बाहुला-बाहुलीचं लग्न झालं होतं. ते लग्न म्हणजे पोरींचा खेळ खरा, पण अक्षता वाटल्या गेल्या होत्या, मोठी माणसं जेवून गेली होती, विहिणींचे रुसवेही यथासांग झाले होते. वन्संनी शेजारच्या पोरीकडून ती नवरी मागून आणली. तिच्या चिंध्यांच्या पोटाची शिवण उसवली, आत एक पिशवी शिवली आणि पुन्हा लुगडं नेसवलं. तीन-चार दिवसांनी आळीतल्या पोरी नटूनथटून घरोघर सांगत सुटल्या की आमच्या बाहुलीचे दिवस भरलेत, उद्या दुपारी या. विधवेनं बोलावलं असतं तर चार बायका घुटमळल्या असत्या. पोरींना कोण नाही म्हणतं? सभेला यायच्या त्याच्या दुप्पट बायका आमच्या मागच्या पडवीत आल्या. सासूबाईही गालातल्या गालात हसत येऊन बसल्या.

पोरींना वन्संनी पुढच्या अंगणात बारशाचा स्वयंपाक रांधायला पाठवलं आणि पडवीत भूमिका वाटल्या. सभेतून दूध बघायला उठलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक झाली बाहुलीची आई. वकिलीणबाई झाल्या सासू. आणि सुईण कोण, म्हणून वन्संनी सगळ्यांकडे बघितलं, तेव्हा बायकांनी एकमुखानं माझ्या सासूबाईंचं नाव घेतलं. आळीत त्यांच्याइतकी बाळंतपणं कुणी पाहिली नव्हती. नको नको म्हणत त्यांनी पदर खोचला.

काय सांगू तो खेळ! ज्या शब्दांनी सभेत पदर तोंडाशी गेले होते, त्याहून उघडे शब्द त्याच बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या. कुणी बाहुलीला कळा द्यायला सांगत होती, कुणी तिच्या नवऱ्याचा उद्धार करत होती. वकिलीणबाईंनी मुलगाच हवा म्हणून असा काही त्रागा केला की हसून हसून माझी बरगडी दुखायला लागली. वन्सं बाजूला बसून मागेल ते पुढे करत होत्या. सासूबाईंनी बाहुलीच्या पोटातून बाळ काढलं. ते तांदळाच्या उकडीचं होतं, पांढरंशुभ्र, ओलसर, आणि त्याला ओल्या सुताची नाळ होती. सासूबाईंनी जुन्या सवयीनं हात पुढे केला, वन्संनी त्यांची ती कोयती हातावर ठेवली. नाळ कापली, दोरा बांधला, बेंबीवर राख दाबली, बाळ फडक्यात गुंडाळून वकिलीणबाईंच्या मांडीवर दिलं.

"आता बघू या बाळ," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी फडकं उलगडलं.

बेंबीभोवती तांबडं झालं होतं. पोटावर बोटांचे तांबडे ठसे होते, गालावर एक होता, दोराही तांबडा. आदल्या रात्री सासूबाई निजल्यावर आमच्या अंगणातली तांबडी माती वन्संनी वस्त्रगाळ करून कोयतीच्या मुठीला आणि पात्याला चोळली होती, आणि वरची फुंकून टाकली होती. काळ्या लोखंडावर ती कुणाला दिसली नव्हती. पांढऱ्या उकडीवर ती दडली नाही.

हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. बोलायची हीच वेळ होती. त्यांच्या जागी मी असते तर तोंडाचा पट्टा सोडला असता. वन्संनी फक्त हात मांडीवर ठेवले. जंतू हा शब्द त्यांनी त्या दुपारी एकदाही उच्चारला नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढ्याशा पिठाच्या गोळ्यानं त्यांनी सबंध आळीला डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवली होती, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. त्या काळात आमच्या गावात मोठमोठ्या सभा झाल्या, नावाजलेले वक्ते येऊन गेले, मीही जाऊन ऐकले. पण तसा काटा पुन्हा कधी आला नाही.

सासूबाईंनी आपले तळवे उलटेसुलटे करून पाहिले. मग कोयतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचा मला किती राग होता आतून, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा बघून तो कुठे गेला कोण जाणे. त्यांनी वन्संना विचारलं, "आणि हे लागूच द्यायचं नसलं तर?"

वन्संनी सुपाखालून दुसरं बाळ काढलं. चुलीवर पाणी उकळतच होतं, त्यात कात्री आणि दोरा होता. सासूबाईंनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. सगळं पहिल्यापासून पुन्हा झालं, या वेळी कुणीही थट्टा केली नाही. फडकं उलगडलं तेव्हा बाळ पांढरंच होतं. वकिलीणबाईंनी बेंबीवर बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं, आणि ते बाळ पडवीभर या हातातून त्या हातात गेलं. बायका ते खऱ्या बाळासारखं डोक्याखाली हात देऊन घेत होत्या.

मला कळा लागल्या तेव्हा भाट्याहून खाडी उतरून सुईण आली. सासूबाईंनी तिला दारातच अडवलं, हात धुवायला लावले, नखं पाहिली आणि परत धुवायला लावले. माजे हात आज पाण्यातच कुजवणार काय, म्हणून ती कुरकुरली. पण खोलीत कोयती आली नाही. मुलगी झाली. पाचवीला सासूबाईंनी सटवीची पूजाही केली, त्यात त्यांनी काही कमी ठेवलं नाही.

आठव्या दिवशी त्या चहासुद्धा न घेता माझ्या खाटेशी येऊन बसल्या. पोर झोपली होती. तिला उठवायची माझी छाती होईना, त्यांचीही होईना. उन्हं पडवीत आली तशी ती चुळबुळली आणि रडली. मी तिला पदराखाली घेतलं. सासूबाईंनी तिचं डोकं धरलं. तिनं तोंड उघडलं, चांगलं मोठं उघडलं, आणि अशी जोरात प्यायला लागली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई तिच्या हलणाऱ्या गालाकडे बघत राहिल्या. वन्सं दारात उभ्या होत्या. मान न वळवता सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तू आधी का नाही आलीस गो?"

वन्सं तिथेच उंबऱ्यावर खाली बसल्या. पोर पीत होती.