भट्टीमामांचा बाकला

लेकीनं दाणा तोंडात टाकला, दाढेखाली धरला आणि टक् असा आवाज झाला. पलीकडे लसूण सोलत बसलेल्या आईलाही तो ऐकू गेला.

"काय गेलं? दाढ की दाणा?" आईनं विचारलं.

"दाणा शाबूत आहे," लेक म्हणाली. "बाबा, सोमवार चार दिवसांवर आलाय."

भट्टीमामांनी पातेल्यातून एक दाणा काढला, नखानं फोडला आणि खिडकीच्या उजेडात धरला. उत्तर द्यायचं नसलं की ते हातातली वस्तू उजेडात धरत.

मामा तसे कुणाचे सख्खे मामा नव्हते. गल्लीच्या टोकाला एक मोठं सार्वजनिक न्हाणीघर आहे, तिथल्या भट्टीत कोळसा घालण्यात त्यांचा उभा जन्म गेला. अंघोळीला येणाऱ्यांना पाणी गार लागलं की ते "अरे ए भट्टीवाल्या" म्हणून ओरडायचे, आणि कढत लागलं की "वा मामा!" म्हणायचे. पुढे दोन्ही हाका एक झाल्या आणि तेच नाव पडलं.

संध्याकाळी न्हाणीघर बंद झालं तरी भट्टी विझवत नसत. विझवली तर सकाळी पेटवायला दुप्पट कोळसा आणि तिप्पट दम लागतो. निखारे मागे ओढायचे, वर राखेचं जाड पांघरूण घालायचं आणि घरी जायचं. या राखेत मामा रोज एक भांडं पुरून ठेवायचे. अरुंद गळ्याचं, तांब्याचं, आतून कल्हई केलेलं. आत बाकला.

बाकला म्हणजे वालाचा थोरला भाऊ समजा. अंगठ्याच्या नखाएवढा, चपटा, वाळल्यावर तपकिरी, आणि असा टणक की कौलावर टाकला तर कौलाची काळजी वाटावी. मामांची बायको तो निवडायची, भिजवायची, त्यात लसणाच्या चार पाकळ्या टाकायची. मामा भांडं नेऊन राखेत पुरायचे. सकाळी झाकणाचं लिंपण फोडलं की आतले दाणे अख्खे, पण जिभेनं टाळूवर दाबले तरी विरघळणारे. वरून ऑलिव्हचं तेल, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ. सोबत पाव आणि कच्चा कांदा. भट्टीच्या दारात हजामतीची खुर्ची मांडून बसणारा न्हावी, टॉवेल धुणारी बाई, तिकीट फाडणारा म्हातारा, सगळे तिथंच उकिडवे बसून खायचे.

"याला म्हणतात आच," मामा म्हणायचे. "बाकला कुणीही चुलीवर ठेवेल. आच सांभाळणं येरागबाळ्याचं काम नाही."

त्यांच्या बायकोनं हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ती पुढचं स्वतःच म्हणायची, "आणि निवडणं, भिजवणं, लसूण सोलणं, ते काय आपोआप होतं?"

मग न्हाणीघराला नवा मालक आला. गॅसवर पाणी तापायला लागलं, भट्टीचं तोंड विटांनी बुजवलं आणि मामा घरी बसले. पण मालकानं एक चांगलं केलं. रस्त्याकडे उघडणारी जुनी तिकीट-खिडकी आता रिकामीच होती. ती त्यानं मामांच्या लेकीला न्याहारी विकायला देऊ केली. अट एकच. पहिल्या महिन्यात खिडकी चालली नाही तर ती पानतंबाखूवाल्याला, तो कधीचा दबा धरून बसला होता.

लेक शिवणाच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. तिनं तिथलं काम सोडलं. तिच्या मशीनवर दुसऱ्याच दिवशी दुसरी मुलगी बसली, म्हणजे परतीची वाट बंद. आणि हे सगळं तिनं कशाच्या जोरावर केलं, तर बाबांच्या बाकल्याच्या. पाटीसुद्धा रंगवून घेतली होती: 'भट्टीमामांचा बाकला'. खिडकी उघडायची ती सोमवारी.

आणि घरी बाकला शिजेना.

पहिल्या खेपेला मामा हसले होते. "गॅसची आच टोकदार असते. एकाच जागी चाटते." त्यांनी पातेल्याखाली जाड लोखंडी तवा ठेवला. दुसऱ्या खेपेला तव्यावर वाळू पसरली, म्हणजे राखेसारखी ऊब सगळीकडून लागेल. तिसऱ्या खेपेला उकळतं पातेलं रजईत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं. पेटी आणायला ते बाजाराच्या मागच्या गल्लीपर्यंत गेले आणि ती खांद्यावरून घेऊन आले. या वयात तसलं ओझं आणणं काही गंमत नव्हे. 

लेकीनं एकदा त्यांना न विचारता कुकर लावला. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. साली फाटल्या, पण त्या चामड्याच्या चामड्याच राहिल्या. आईनं खायचा सोडा घालून पाहिला. तेव्हा बाकला शिजला, पण असा की पातेल्यात लगदा आणि तोंडात साबण.

"हे विकलं तर लोक खाणार नाहीत, कपडे धुतील," आई स्वतःच म्हणाली.

फसलेला बाकला टाकायचा कसा? तिघं बसून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची, आतला गर लसूण-तेलात घोटायचा आणि पावाला लावायचा. चव झकास व्हायची. पण एका वाटीला बोटांची सालं निघायची. सोलायला इतके हात लागत असतील तर खिडकी उघडून उपयोग काय, हे लेकीला पहिल्याच वाटीला कळलं होतं.

तर, त्या गुरुवारी मामा दाणा उजेडात धरून पाहत होते. आतला गर मऊ होता, पिठूळ, व्यवस्थित शिजलेला. साल मात्र कडक. त्यांना ते विचित्र वाटलं. आच कमी पडली असती तर आतला गर कच्चा राहिला असता. ऊब सालीतूनच आत जाते ना? मग जी साल तिला वाट देते ती स्वतः का शिजत नाही?

"अगं, हे आचेचं काम दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

बायकोनं सुरी खाली ठेवली. "काय म्हणालात? जरा मोठ्यानं म्हणा. शेजारच्यांनाही ऐकू दे."

"चेष्टा नको. विचार करतोय."

"विचार करायचाय तर दाढी करून या. चार दिवसांत खुंट बघा कसे वाढलेत. सोमवारी लेकीच्या खिडकीत असे उभे राहिलात तर गिऱ्हाईक पळेल."

न्हाव्यानं आता चौकाजवळ स्वतःची टपरीवजा जागा घेतली होती. एक आरसा, एक खुर्ची, एक नळ. मामा बसले. न्हाव्यानं ब्रश साबणावर घासायला घेतला. घासला, घासला, पाणी शिंपडलं, पुन्हा घासला. मामांच्या गालावर पातळ, करडा ओघळ उतरला.

"फेस कुठाय रे?" मामांनी आरशात पाहत विचारलं.

"बोलू नकोस, लेका. इथं आल्यापासून हीच रड आहे. साबण तीनदा बदलला, ब्रश नवा घेतला. तिथं भट्टीच्या दारात कसा फेस यायचा, आठवतं? साय! गिऱ्हाईक म्हणायचं, खाऊन टाकू का?"

"मग इथं काय झालं?" एक गाल कसाबसा उरकल्यावर मामांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? हात तोच, साबण तोच. जागेचा दोष म्हणायचा. तिथं तुझ्या बादलीतलं मगभर पाणी घेतलं की काम भागायचं."

मामांची मान एकदम फिरली. न्हाव्यानं वस्तरा वेळेवर उचलला म्हणून बरं.

"मरायचंय का? कान गेला असता!"

"कुठल्या बादलीतलं?"

"तुझ्याच. वाफेच्या नळाखाली ठेवायचास ती. टप टप टप दिवसभर. डोकं उठायचं माझं."

मामा अर्ध्या दाढीनं उठले. न्हावी वस्तरा हातात धरून दारापर्यंत आला. "अरे, दुसरा गाल! लोक म्हणतील मी असाच सोडतो!"

घरी येऊन मामांनी आधी चहाची किटली घेतली आणि आत बोट घातलं. आत पांढरा, खरबरीत थर. हा थर त्यांना स्वतःच्या तळहातापेक्षा ओळखीचा होता. न्हाणीघराच्या पाण्याच्या टाकीत हाच जमायचा. गावभर नळाला येणारं पाणी चुनखडीचं. ते थेट बॉयलरच्या नळ्यांत सोडलं तर नळ्या बुजतात. म्हणून ते आधी वेगळ्या टाकीत उकळायचं, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचंच पाणी पुढे सोडायचं. तळाचा थर दर पंधरवड्याला छिन्नी-हातोडीनं फोडायचा. टाकीत ओणवं होऊन, नाकाला फडकं बांधून. त्या कामानं मामांची कंबर कायमची गेली. आणि वाफेच्या नळाखालच्या बादलीत जमायचं ते वाफ निवून झालेलं पाणी. त्यात चुन्याचा कण नाही.

"मला एक सांग," मामांनी बायकोला विचारलं, "तू भांड्यात पाणी किती घालायचीस?"

बायको त्यांच्या अर्ध्या दाढीकडे पाहत होती. "हे काय ध्यान! मारामारी केलीत का?"

"पाणी किती घालायचीस?"

"मी? मी कशाला घालू? भिजवलेला बाकला निथळून कोरडाच द्यायचे. तुम्हीच म्हणाला होतात ना, पाणी हिंदकळतं, ओझं होतं, तिथं पाण्याला काय तोटा आहे?"

"आणि मी ते बादलीतून ओतायचो," मामा म्हणाले. "हाताशी होती म्हणून. नळ चार पायऱ्या खाली होता."

नळाच्या पाण्यातला चुनाच साल कडक ठेवत होता, आणि न्हाव्याचा फेसही तोच खात होता. इतकी वर्षं मामांना वाटायचं की बाकला आपल्या आचेनं शिजतो आणि बायकोला वाटायचं की आपल्या भिजवण्यानं. पाण्याबद्दल कुणी कुणाला विचारलं नव्हतं. पाण्यात विचारण्यासारखं असतं काय? आणि ते पाणी भांड्यात गेलं ते का, तर एका माणसाला भरलेलं भांडं वाहायचं नव्हतं आणि चार पायऱ्या उतरायच्या नव्हत्या.

"म्हणजे तुमचा आळस शिजवत होता बाकला," लेक म्हणाली.

"आळस नव्हे," मामा जरा चिडून म्हणाले. "फुकट जाणारी मेहनत मी करत नाही. आता मोठं पातेलं दे."

मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. बराच वेळ, खळखळून. मग झाकून ठेवलं. लेकीला घाई होती. ती सारखी झाकण उचलायला जायची आणि मामा तिचा हात धरायचे. "ढवळशील तर गेलं. तळाचं तळाला राहू दे." पाणी गार झाल्यावर तळाशी पिठासारखा पांढरा गाळ दिसला. वरचं पाणी त्यांनी वाटीनं, हात न थरथरू देता, दुसऱ्या भांड्यात काढलं. या कामाला जोर लागत नाही, पण सगळं अंग ताठ धरावं लागतं, आणि जोर लावण्यापेक्षा ते जास्त दमवतं. बाकला भिजवला त्याच पाण्यात. दुसऱ्या दिवशी शिजवला तो तशाच काढलेल्या नव्या पाण्यात, मंद गॅसवर, तव्याशिवाय, वाळूशिवाय, पेटीशिवाय. पेटीवर बायको बसली होती. निदान बसायला तरी बरी आहे, असं तिचं म्हणणं.

दुपार कलली तेव्हा झाकण काढलं. दाणे अख्खे, फुगलेले, तुळतुळीत.  लेकीनं चमचा आईपुढे धरला.

आईनं दाणा तोंडात घेतला. आवाज आला नाही. तिनं डोळे मिटले, मग उघडले.

"मीठ राहिलंय," ती म्हणाली.

लेक मटकन खाली बसली. हसत होती का रडत होती, ते ओढणी तोंडावर असल्यानं कळलं नाही.

मामांनीही एक दाणा जिभेनं टाळूवर दाबला. तोच होता, रेसभरही फरक नाही. भट्टी नाही, राख नाही, रात्रभराची ऊब नाही, आणि तरी तोच. त्यांना आनंद झाला. पण पुढचा दाणा त्यांनी खाल्ला नाही, उजेडात धरला.

"बाबा," लेक थोड्या वेळानं म्हणाली, "पाटीवर भट्टीमामा आहे. राहू दे ना?"

"नाव माझं आहे, ते खोटं नाही. राहू दे," मामा म्हणाले. "पण कुणी आचेचं विचारलं तर आच म्हणून सांगू नकोस."

सोमवारी खिडकी उघडली तेव्हा मामा दोन्ही गाल घोटून आत उभे होते. न्हाव्यानं दुसरा गाल रविवारी फुकट केला होता, बदनामीच्या भीतीनं. पहिली वाटी टॉवेल धुणाऱ्या बाईनं घेतली, दुसरी एका हमालानं, मग न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर पडणारे एकामागून एक थांबायला लागले. पलीकडच्या फुटपाथवर पानतंबाखूवाला हात बांधून उभा होता. रांग वळणापर्यंत गेली तेव्हा तो रस्ता ओलांडून आला आणि रांगेत उभा राहिला.

न्हावी आला तो हातात दाढीचा मग घेऊन. बाकल्याचा घास घेतला आणि खिडकीवर थाप मारली. "अरे, तोच की! भट्टी नाही, तरी आच साधलीस. मानलं तुला, मामा!"

मामांनी तेलाची बाटली खाली ठेवली. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी ते कान टवकारायचे, ते समोर होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"आच नाही रे," ते म्हणाले. "पाणी."

"पाणी?"

"आच माझी चांगलीच होती. पण हे काम तिचं नव्हतं. टप टप करायचं ना, त्याचं होतं."

न्हाव्यानं घास गिळला. मग त्याची नजर आपल्या मगाकडे गेली, मगाकडून मामांच्या मागं उकळून निवत ठेवलेल्या पाण्याच्या पातेल्याकडे गेली, आणि त्यानं मग खिडकीतून हळूच आत सरकवला.

"काका, आधी वाटी संपवा," लेक म्हणाली. "फेसाचं नंतर बघू."

मामांनी मग घेतला. गाळ हलू नये म्हणून पातेल्यावर वाकले, कंबर कळवळली, आणि वरचं पाणी हलक्या हातानं भरायला लागले.