मेंग बाईंचा चौदावा प्रश्न

मेंग सुनिम यांनी दक्षिण कोरियातल्या सांग्जूच्या एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले. शेवटची नऊ वर्षे माझे टेबल त्यांच्या टेबलाला लागून होते आणि आम्ही दोघे एकाच इयत्तेला शिकवत होतो. त्यांच्याविषयी सांगण्याजोगी घटना एकच आहे, आणि ती त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी घडली.

त्या उन्हाळ्यात त्यांचे पती वारले. सहाव्या दिवशी त्या वर्गावर हजर झाल्या. त्यांना रडताना कोणी पाहिले नाही. दुपारच्या जेवणातला भात आणि किमची त्या पूर्वीइतकीच संपवीत. काही विचारले तर उत्तर यायला क्षणभर अधिक लागे, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडे जुना प्रश्न परीक्षेत जसाच्या तसा घालता येत नाही. गावातल्या खासगी शिकवण्या दरवर्षीच्या प्रश्नपत्रिका जपून ठेवतात. एखादा प्रश्न पुन्हा आला, तर त्या शिकवणीच्या मुलांना तो फुकट मिळाला म्हणून इतर पालक तक्रार करतात. म्हणून आम्ही प्रश्न तोच ठेवतो आणि आकडे बदलतो. आमच्या धंद्यातल्या बहुतेक चुका याच बदलात होतात.

गेल्या वर्षीचा प्रश्न असा होता: समांतरभुज चौकोनात कोन अ = २क्ष + ३०, कोन ब = ४क्ष − ३० आणि कोन क = ३क्ष; तर क्ष किती? लगतच्या अ आणि ब या कोनांची बेरीज १८० धरली तरी क्ष तीस येतो, समोरासमोरचे अ आणि क समान धरले तरी तीसच. मेंग बाईंनी ३क्ष खोडून ३क्ष − १० केले आणि बाकीचे तसेच ठेवले. प्रश्नपत्रिकेचा तपासनीस मी होतो. मी अ आणि ब यांची बेरीज केली, तीस उत्तर आले, सही केली.

परीक्षेत या चौदाव्या प्रश्नाला एकशे बेचाळीस मुलांपैकी त्र्याऐंशी जणांनी तीसचा पर्याय निवडला. एक्कावन्न जणांनी संमुख कोन समान धरले. त्यांचे उत्तर चाळीस आले, आणि तोही पर्याय छापलेला होता. सात जणांनी भलत्याच पर्यायाचा गोल रंगवला. ह्यन येसुल नावाच्या मुलीने उत्तरकार्डावरची ती ओळ कोरी ठेवली.

हरकतींच्या मुदतीत ती अर्ज घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली.

"बाई, हा चौकोन काढताच येत नाही. क्ष तीस धरला तर समोरासमोरचे कोन नव्वद आणि ऐंशी येतात. चाळीस धरला तर शेजारचे दोन मिळून दोनशे चाळीस."

मेंग बाईंनी कागद पाहिला.

"मग एखादा गोल रंगवायचा ना. कोरं का ठेवलंस?"

"कुठला रंगवू? दोन्ही खोटेच होते."

"अगं, खोटं तर खोटं, चार गुण तरी मिळाले असते," पलीकडून इंग्रजीच्या सोक बाई म्हणाल्या. "विज्ञान शाळेत जायचंय ना तुला? तिथे खरेपणाची परीक्षा नसते हो!"

येसुल हसली नाही. तिला सत्याऐंशी गुण होते. त्या निवासी शाळेच्या अर्जाला गणितात वरची श्रेणी लागते, आणि ती नव्वदपासून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी उपमुख्याध्यापक शिम यांनी आम्हा दोघांना बोलावले. तोडगा त्यांच्याकडे तयार होता.

"तीसही बरोबर, चाळीसही बरोबर. शाळेतल्या शाळेत मिटतं. 'उत्तर नाही' म्हटलं की सगळ्यांना गुण द्या, वर कळवा, आणि तुमच्या सेवापुस्तकात ठपका. निवृत्तीला वर्ष राहिलंय मेंग बाई, कशाला ओढवून घेता? एकशे चौतीस पोरं खूश आहेत."

"आणि आठ?"

"सात जणांनी डोळे मिटून रंगवलंय. राहिली एक."

"त्या एकीचंच बरोबर आहे."

"तिने काही लिहिलंच नाही!"

"म्हणून तर," मेंग बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "दोन्ही उत्तरं बरोबर म्हटली, तर तसा चौकोन आहे असं आपण सांगतो. तो नाही."

शिम यांनी माझ्याकडे पाहिले. मी हातातल्या प्रश्नपत्रिकेची घडी घालू लागलो. ठपका मलाही नको होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

बाईंनी तिथेच येसुलच्या अर्जावरचे रकाने भरले. निर्णय: उत्तर नाही, सर्वांना गुण. कारण: प्रश्नकर्त्याची चूक. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तपासनीस म्हणून तुमचंही नाव घातलंय."

"घालायलाच हवं होतं," मी म्हणालो. ते मी मनापासून म्हणालो की नाही, हे त्यांनी विचारले नाही.

फलकावर सूचना लागली तेव्हा गलका झाला. तीस लिहिणारी मुले चिडली. "आम्ही सोडवून चार आणि त्याने झोपून चार!" एकाने मित्राच्या पाठीत गुद्दा घातला. येसुल गर्दीच्या मागे उभी होती. तिचे एक्याण्णव झाले. मात्र फलकावर तिचे आणि डोळे मिटून रंगवणाऱ्यांचे चार गुण एकाच ओळीत बसले होते. ती सूचना वाचून वर्गात गेली.

पुढच्या आठवड्यात ठपक्याचे पत्र आले, एक त्यांना आणि एक मला. बाईंनी पोच लिहून दिली. मी विचारले, "बरं वाटतंय का आता?"

नेहमीप्रमाणे उत्तराला वेळ लागला.

"नाही," त्या म्हणाल्या. "वाईटही नाही वाटत. काहीतरी वाटेल म्हणून मी उन्हाळ्यापासून वाट पाहतेय." मग त्यांनी खडूची डबी उचलली आणि तिसऱ्या तासाला वर्गावर गेल्या.