वर्ग बंद, गुरुवार चालू

सबंध सिंगापुरात कुठल्याच प्रश्नाला सरळ उत्तर न देता सुखानं राहिलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो माझा मेहुणा आहे. म्हणजे बायकोचा धाकटा मावसभाऊ. "भात किती वाढू?" असं हिनं विचारलं की तो म्हणायचा, "किती म्हणजे, ताई, माझ्या भुकेच्या हिशोबानं की तुझ्या मायेच्या?" तोवर आमटी गार. तो तत्त्वज्ञानात पीएचडी करायला आला आणि विद्यापीठ क्लेमेंटीत आमच्या घराजवळच निघालं, त्यामुळे पाहुण्यांची खोली कायमची त्याची झाली. मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. माझ्या धंद्यात प्रश्न सुटला की पगार मिळतो. याच्या धंद्यात प्रश्न सुटला की माणूस बेकार होतो. आम्हा दोघांचं पटणं कठीण होतं, पण पटलं खरं.

जगातला प्रत्येक माणूस मुळात विचारवंत आहे, फक्त त्याला कोणी काही विचारत नाही, असं त्याचं ठाम मत. म्हणून तो सगळ्यांना विचारत सुटायचा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्सवाल्या अंकलना त्यानं एकदा विचारलं, "तुम्हाला स्वतःला यातलं काय आवडतं, आणि का?" अंकल पळी हातात धरून विचारात पडले. मागे रांग वाढत गेली. शेवटी एक बाई इथल्या "ला" जोडलेल्या इंग्रजीत ओरडली, "आयो, ऑर्डर फर्स्ट ला! थिंक लेटर!" माझ्या लेकीच्या गणितात अली नावाच्या मुलाकडे चोवीस सफरचंदं होती, तर याला चिंता, एकट्या अलीकडे एवढी सफरचंदं आली कुठून? "मामा, जस्ट डू द सम ला!" असं ती बिचारी कळवळून म्हणाली, पण अखेर तिनंही उत्तराच्या जागी "अलीला विचारा" असं लिहून टाकलं. शाळेतून फोन आला तो मला.

पुढे विद्यापीठानं त्याला फेलो केलं. मला वाटलं, बढती मिळाली. तसं काही नव्हतं. पीएचडीच्या मुलांना एका छोट्याशा कम्युनिटी कॉलेजात पाठवायचं आणि तिथल्या साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञानाच्या वर्गांना त्यांनी हातभार लावायचा, अशी ती योजना. कॉलेज म्हणजे एका इमारतीचा एक मजला, खाली दाताचा दवाखाना. बाकीचे फेलो जाऊन, निबंध तपासून, वेळेत परत यायचे. याच्या वाट्याला गुरुवार संध्याकाळचा तत्त्वज्ञानाचा वर्ग आला आणि यानं त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावला. विद्यार्थी चार. बस चालवून निवृत्त झालेले एक चिनी अंकल, एक फिलिपिनो नर्स, एक तमिळ सुरक्षारक्षक आणि घरी केक करून विकणाऱ्या एक मलाय बाई. त्यांच्यासाठी डब्यातून थालीपिठं जायची आणि अधूनमधून ते चौघं थालीपीठ गरम खायला आमच्याकडेच यायचे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फक्त इथं थालीपिठं आमची ही भाजत होती.

मग एक दिवस कॉलेजनं कळवलं की चार जणांसाठी वर्ग चालवणं परवडत नाही, कॉलेजच्या मुख्य मॅडम स्वतः येऊन बघतील आणि मग ठरेल. त्या रात्री हिनं विचारलं, "भात किती वाढू?" तो म्हणाला, "नको." ही धावत माझ्याकडे आली. "अहो, तो सरळ उत्तर देतोय. काहीतरी करा!"

मी काय करणार? त्याला हसवावं म्हणून मी म्हटलं, "रिकाम्या खुर्च्यांवर टिश्यूची पाकिटं ठेव." इथं हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा धरली. भुकेनं जीव चालला तरी इथला माणूस ते पाकीट हलवत नाही. त्याला माझी थट्टा कधीच कळत नसे. गुरुवारी मी आणि ही पाहुणे म्हणून गेलो तर प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर एकेक पाकीट शिस्तीत बसलेलं!

मॅडम आल्या. खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि पर्स पोटाशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आम्हीही शेजारी उभे. प्रश्न होता, धावत येणाऱ्या प्रवाशासाठी बस थांबवावी का? अंकल म्हणाले, मुळीच नाही, पुढच्या स्टॉपवरच्यांना आपण वेळ दिलेली असते. नर्स म्हणाली, जो धावतोय त्याला बघून न बघितल्यासारखं करणं हे पाप आहे. बाकावर हात आपटले गेले. एकदम भिंतीकडून मॅडमचा आवाज आला, "मस्ट वेट ला! ऑलवेज मी रनिंग, ओके?"

वर्ग संपल्यावर हा हरिश्चंद्र मॅडमपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की या जागांवर कोणीही येणार नाहीये. मॅडम म्हणाल्या, "आय नो. बट टिश्यू इज टिश्यू, हाऊ टू सिट?" त्या मनापासून हसल्या. तरी वर्ग बंद झालाच. नियम त्यांच्या हातात नव्हता.

पुढच्या गुरुवारी तो सोफ्यावर नुसता बसून होता. मला त्याच्याकडे बघवेना. एवढ्यात खालून गलका ऐकू आला. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाभोवती ते चौघं बसले होते आणि अंकल आमच्या चौथ्या मजल्याकडे तोंड करून ओरडत होते, "क्लास क्लोज्ड! थर्सडे नॉट क्लोज्ड, व्हॉट!" तो चपला न घालताच खाली पळाला. थोड्या वेळानं मॅडमही आल्या, ऑफिसातून, धावत.

यंदा त्याची पीएचडी झाली आणि तो कराडला एका कॉलेजात लागला. जाताना त्यानं मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मी उगाचच त्याच्या बॅगेचं वजन बघत राहिलो. घर आता वेळेवर जेवतं आणि आम्हाला ते आवडत नाही. गुरुवारी मात्र खाली भांडण जुंपलं की मी खिडकी उघडतो, त्याला फोन लावतो आणि फोन बाहेर धरतो. खाली काय चाललंय ते मला धड कळत नाही. अर्धं मँडरिन, अर्धं तमिळ, मध्येच अंकलचा हात दगडावर आपटतो. पलीकडे कराडला तो श्वास रोखून ऐकत असतो. ही म्हणते, "अहो, हात भरून आला असेल, आत या." मी दुसऱ्या हातात फोन घेतो आणि जरा आणखी बाहेर वाकतो.