शांतामामी आणि राजपुत्राची माफी

शांतामामी गेली हे मला तिरोड्याच्या बसस्टँडवर कळलं. मामेभाऊ फोनवर रडत होता, आणि माझ्या पिशवीत गोष्टीचा सातवा भाग होता. मला आधी रडू आलं नाही. आधी रागच आला. मामी, एकच भाग राहिला होता गं... थांबायचंस ना!

गोंदियात मामीच्या ओसरीवर दुपारी पाच-सहा बायका बिड्या वळायला बसत. मांडीवर सूप, सुपात बिडीच्या मापानं कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. तिथली रीत अशी, की जी वाचून दाखवेल तिच्या वाटच्या बिड्या बाकीच्यांनी वळायच्या. वाचायची अर्थात मामीच. चेटकिणीचा आवाज तर असा काढायची की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून ऐकायचा. मी शाळेत असताना तिनं मुलांसाठीच्या एका जादूच्या गोष्टीचे दोन भाग असेच वाचले होते. उडता राजवाडा, बोलणारं घुबड, एक लहानगा राजपुत्र... पुढचे भाग आम्हाला कधी मिळालेच नाहीत. गेल्या वर्षी नागपुरात जुन्या पुस्तकांच्या दुकानात सातही भाग एकगठ्ठा दिसले तेव्हा मी नाचायचीच काय ती बाकी होते. मग दर खेपेला मी नागपूरहून एकेक भाग घेऊन ओसरीवर जाऊ लागले. पुढचं कुणी चोरून वाचायचं नाही, अशी मामीची सक्त ताकीद होती.

तिसऱ्या भागात जंगलातले राक्षस आले. काळे, झाडांखाली राहणारे, पानं गोळा करून पोट भरणारे. राजपुत्राची सेना त्यांचं जंगल जाळते आणि राजवाड्यात जल्लोष होतो. लहानपणी मीही टाळ्या वाजवल्या असत्या. आता अंगावर काटा आला. ओसरीवरची फुलवंताबाई नवेगाव बांधाकडची, गोंड समाजाची. उन्हाळ्यात माहेरी जाऊन तेंदूपानं तोडणारी. तिचे हात थांबले. हे तं आमच्यावरच लिवलं आहे, असं ती म्हणाली. जुनं पुस्तक आहे, तेव्हा असंच लिहीत, राहू दे, असं काहीबाही बोलून मी मामीच्या हातातलं पुस्तक मिटायला निघाले, तर मामी उसळली.

"बंद कायले करतं? अजून चार भाग आहेत. त्या पोराले अक्कल येते का नाही, पाहू नं!"

फुलवंताबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "वाच," ती म्हणाली. "पन त्यानं माफी मांगली पायजे."

झालं! त्या दिवसापासून उडत्या राजवाड्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. माफी कधी, एवढंच. चौथ्या भागात राजपुत्र एकटाच रडला तेव्हा मामीला वाटलं, आता जातो माफी मागायला. फुलवंताबाईच्या मते तो स्वतःसाठीच रडून राहिला होता. पाचव्यात जंगलाचं नावही नाही. लेखक समोर असता तर त्या दिवशी त्याची धडगत नव्हती. आणि सहाव्याच्या शेवटच्या पानावर राजपुत्राचा घोडा जंगलाच्या वाटेला लागला... तिथंच भाग संपला! मी नागपूरला परतले, तर संध्याकाळी मामीचा फोन, उद्याच ये, मले चैन नाही पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मी निघाले आणि बसस्टँडवर तो दुसरा फोन आला.

तेरवी होऊन महिना गेला, तेव्हा बायकांनी मला बोलावलं. मामीच्या जागेवर बसून मी सातवा भाग वाचला. घोडा जंगलातून सरळ पलीकडे गेला. ती फक्त जवळची वाट होती. मग मुकुट, मेजवानी, समाप्त. माफी नाहीच. मामी यावर काय बोलली असती ते ऐकायला मी काहीही दिलं असतं. मी पुस्तक मिटलं.

"संपलं नाही," फुलवंताबाई म्हणाली. "तो येऊन राहिला इकडं."

मग बायकाच गोष्ट पुढं रचू लागल्या आणि राजपुत्र खरंच आला, मुकुटासकट, आमच्या पायरीपर्यंत. एकीनं त्याला जोडे काढायला लावले, दुसरीनं पाणी दिलं, तिसरीनं त्याच्या आईची चौकशी केली. सगळ्या एकदमच बोलत होत्या आणि मी हसता हसता रडत होते. राजपुत्रानं हात जोडले, तोंड उघडलं, तर फुलवंताबाईनं त्याला मध्येच थांबवलं.

"माफी मंग मांगजो. आधी बस खाली, पानं काप."